आमची गाडी बसायची बंद झाली

माझ्या नवऱ्याने ती गाडी घेताना घरात कोणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही, असं त्याने नंतर अगदी मोकळेपणाने सांगितलं. तो बोइसरच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरच्या पाइपांवर आवरणं चढवून द्यायची कामं घेतो. ज्या कारखान्यात त्याचं वर्षानुवर्षं काम चालायचं, त्याचे मालक सगळं आवरून परदेशात मुलाकडे राहायला निघाले होते. त्यांची मोठी, काळी, परदेशी बनावटीची एसयूव्ही त्याने आल्या-गेल्या वेळी इतकी निरखून पाहिली होती, की मालकांनीच शेवटी म्हटलं, तूच घेऊन जा.

एका रविवारी सकाळी पालघरच्या आमच्या घरासमोर ती येऊन उभी राहिली. आमचं घर म्हणजे एका रांगेतली सारखी दिसणारी आठ-दहा घरं, पुढे एकेक गाडी मावेल एवढी फरसबंद जागा. गाडी त्या जागेत मावली, पण मग माणसांना घरात शिरायला अंग चोरावं लागलं. शेजारीपाजारी जमले. नवरा खाली उतरला, परत चढला, आणि आतलं एक बटण दाबून आम्हाला म्हणाला, "बघा."

गाडी उंच झाली. जागच्या जागी, सगळीच्या सगळी, एखादा माणूस खुर्चीवरून उठतो तशी. मग त्याने दुसरं बटण दाबलं आणि सुस्कारा सोडल्यासारखा आवाज करून ती खाली बसली.

नवऱ्याने समजावून सांगितलं. साध्या गाडीला चाकांपाशी लोखंडी स्प्रिंग असतात. हिला त्याऐवजी जाड रबराचे फुगे आहेत. एक पंप त्यांच्यात हवा भरतो, सोडतो, आणि त्यावर गाडीची उंची ठरते. रस्ता कितीही वाईट असला तरी आतल्या माणसाला कळत नाही. शेजारच्या काकांनी विचारलं, "हे फुगे फुटले तर?" नवरा म्हणाला, "फुटत नाहीत." काकांनी मान हलवली आणि ते निघून गेले, पण त्यानंतर रोज सकाळी दूध आणायला जाताना ते आमच्या गाडीकडे एक नजर टाकायचे.

सगळ्यात शेवटी सासूबाई बाहेर आल्या.

सासूबाईंविषयी सांगायला हवं. त्या घिवलीच्या. माहेर कोळ्यांचं, घरच्या होड्या. लग्न होऊन चिंचणीला आल्या आणि मग पस्तिशीपासून थेट साठीपर्यंत बोइसरच्या बाजारात मासळी विकली. त्या उभ्या राहिल्या की जागा भरल्यासारखी वाटते. गुडघे मात्र गेलेले. आमच्या जुन्या छोट्या गाडीत बसताना त्या आधी डोकं घालायच्या, मग पाय, मग मधलं अंग ओढून घ्यायच्या, आणि उतरताना हेच सगळं उलट क्रमाने. रिक्षात त्यांच्या मापाची जागा नव्हती आणि बसची पायरी त्यांनी कधीच सोडून दिली होती.

त्या गाडीपाशी आल्या, तेव्हा ती उंच केलेली होती. त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"थांब आई," नवरा म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.

गाडी सावकाश खाली आली आणि सीट बरोबर त्यांच्या कमरेला येऊन थांबली. सासूबाई मागे टेकल्या, पाय आत घेतले आणि आत होत्या. कोणाला हात धरावा लागला नाही.

"हिला समजते," त्या म्हणाल्या. "माणूस मोठा हाय का नाय, हिला समजते."

त्या दिवसापासून ती गाडी नवऱ्याची राहिली नाही.

दर पंधरवड्याला सासूबाई घिवलीला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जायच्या. मावशी त्यांच्याहून मोठ्या, अंगाने काटक, आणि आयुष्यभर प्रत्येक बाबतीत सासूबाईंच्या एक पाऊल पुढे. पहिला मुलगा मावशींना आधी झाला, घरावर स्लॅब मावशींचा आधी पडला, मोतीबिंदूसुद्धा मावशींनी आधी काढून घेतला. आता मात्र सासूबाईंची पाळी होती. घिवलीच्या गल्लीत, वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून आमची गाडी आत शिरायची आणि मावशींच्या दारात थांबायची. लोक बघायला लागले, की सासूबाई आतून म्हणायच्या, "बसव आता." गाडी बसायची आणि सासूबाई नुसत्या बाजूला वळून जमिनीवर पाय टेकवायच्या. निघताना तेच. एकदा मावशींच्या शेजारणीने विचारलं, "दरवेळी बसते?" सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी बसते."

मावशी उंबऱ्यात उभ्या राहून हे सगळं बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांचं ते काही न बोलणं सासूबाईंना घरी येईपर्यंत पुरायचं.

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एके सकाळी मी शाळेत शिकवायला जायला बाहेर पडले, तर गाडी एका कुशीवर झाली होती. मागची डावी बाजू पार खाली, पुढची उजवी वर. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने इंजिन चालू केलं, आतला पंप घरघरला, आणि गाडी हळूहळू सरळ झाली. "थंडीने होतं," तो म्हणाला. ऑक्टोबर चालू होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

मग ते रोजचं झालं. सकाळी गाडी वाकडी, पंपाची घरघर, मग सरळ. गल्लीतल्या सगळ्यांना त्याची सवय झाली. शेजारचे काका दुधाची पिशवी हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "आज पुढून." गाडीत हवा कमी आहे ही बातमी पसरली आणि नवऱ्याला रस्त्यात लोक सल्ले द्यायला लागले. पंक्चरवाल्याने तर आम्हाला न विचारता चारही टायरांत हवा भरली आणि म्हणाला, "आता उद्या सकाळी बघा." दुसऱ्या सकाळी गाडी तशीच वाकडी होती, फक्त टायर टणक होते.

नवरा मुंबईला तिच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन आला. फुगे म्हातारे झालेत, पंपही दमलाय, सगळं नवं बाहेरून मागवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. किती लागतील हे त्याने मला सांगितलं नाही. जेवताना नुसतं "बघतो" म्हणाला आणि भात दोनदा वाढून घेतला. तो काळजीत असला की भात जास्त खातो.

तो बघत होता, तेवढ्यात चिंचणीला चुलत दिराच्या मुलाची हळद आली.

चिंचणीच्या घराच्या अंगणात एका बाजूला कपडे धुवायचा मोठा दगड आहे. बाकीच्या पाहुण्यांनी गाड्या बाहेर रस्त्यावर लावल्या होत्या. नवऱ्याने गाडी उंच केली, थेट अंगणात, मांडवाच्या कडेला नेली आणि तो दगड चाकांच्या मधे, पोटाखाली घेऊन तिथेच उभी केली. चारजण म्हणाले, वा. तो नुसता हसला.

हळद रंगात आली. बेंजो वाजत होता, नवरदेवाला माखून झालं होतं आणि आता सगळे एकमेकांना माखत होते. दुपार कलली तशा सासूबाई मला म्हणाल्या, "पाय दुखतात, मी जाऊन बसते." मी त्यांना गाडीत बसवून आले. त्या दिवशी बटणाचीही गरज पडली नाही, गाडी आपणहून बरीच खाली आलेली होती. सासूबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आम्हाला वाटलं, ती त्यांची वाट बघतेय.

अर्ध्या तासाने आम्ही निघायचं म्हणून नवरा गाडीत बसला. त्याने इंजिन चालू केलं. पंप घरघरला, खोकला, एक बारीक शिट्टी वाजवली आणि गप्प झाला. नवऱ्याने परत बटण दाबलं. काहीच नाही. तो उतरला, जमिनीवर आडवा झाला, खाली पाहिलं आणि बराच वेळ तिथून उठला नाही.

गाडी त्या धुण्याच्या दगडावर बसली होती. सगळी हवा गेली होती आणि पोट दगडावर टेकलं होतं. पुढे घेतली तर खालचं काय काय खरवडून निघेल सांगता येत नव्हतं, मागे घेतली तरी तेच.

दीर आले. त्यांच्यामागे बाकीचे आले. सगळ्यांनी आळीपाळीने जमिनीवर आडवं होऊन पाहिलं. मग दीर म्हणाले, "उचलायला लागेल. काकी, तुमी जरा खाली उतरा."

सासूबाईंनी काच खाली केली. "मी उतरले तर मला परत चढवणार कोण?"

"अहो, पण वजन..."

"तुमी रोज होड्या ओढता. मी काय होडीपरास जड हाय?"

दिरांनी पोरांना किनाऱ्यावर पिटाळलं. मग किनाऱ्यावरून वासे आले, होडी वर ओढताना तिच्या खाली सरकवतात ते ओंडके आले. पंधरा-वीस माणसं, सगळी पिवळीधमक, गाडीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. वासे खालून घातले. होडी ओढताना जसा एकाच्या आवाजावर सगळे जोर लावतात, तसा जोर लावला. बेंजोवाल्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी ठेका वाढवला. गाडी उचलली गेली, दगडावरून सुटली आणि ओंडक्यांवरून सरकत रस्त्याकडे निघाली. आत सासूबाई मांडीवर पर्स ठेवून बसल्या होत्या आणि खिडकीतून लोकांना सांगत होत्या, "डावीकडं दाबा. डावीकडं. सावकाश."

मी आयुष्यात पुष्कळ वराती पाहिल्यात. पण नवरदेव मांडवात राहिला आणि त्याची चुलत आजी मिरवली, अशी ती एकच.

गाडीवर सगळीकडे हळदीचे पंजे उमटले होते. काळ्या रंगावर ते इतके ठसठशीत दिसत होते, की धुऊन झाल्यावरही उन्हात नीट पाहिलं तर दाराच्या वरच्या बाजूला एक पंजा दिसायचा. नवरा मात्र घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलला. गाडी ओढून आणणाऱ्या ट्रकमध्ये आम्ही पुढे बसलो होतो. उमरोळीपाशी तो म्हणाला, "आता हवा नको."

बोइसरला वसाहतीच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज आहे. गॅरेजवाला उत्तर प्रदेशातला, ट्रक-टेम्पोंची कामं करणारा, आणि बोलायला लागला की हातातला पाना खाली ठेवणारा. त्यामुळे त्याच्याकडे कामाला वेळ लागतो. नवऱ्याने त्याला सगळी हकीकत सांगितली. मी तिथेच स्टुलावर बसले होते, कारण जुनी छोटी गाडी विकून झाली होती, शाळा सुटल्यावर मला घरी न्यायला नवऱ्याकडे दुसरी गाडीच नव्हती आणि आम्ही दोघं स्कूटरवर आलो होतो.

गॅरेजवाल्याने पाना खाली ठेवला. "साहब, हवा का काम टायर में है," तो म्हणाला. "टायर के ऊपर हवा भरोगे तो निकलेगी ही. और इधर समंदर है. इधर की हवा में नमक है, रबर को खा जाता है."

"मग काय करायचं?"

"सब निकाल देंगे. फुग्गा, पंप, नली, सब. लोहे का स्प्रिंग डालेंगे, साधा शॉकअप डालेंगे. जैसे सब गाड़ी में होता है."

असं करता येतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्या गाडीसाठी तसा तयार संच मिळतो, मागवला की येतो, असं त्याने सांगितलं. नवऱ्याचा चेहरा त्या हळदीनंतर पहिल्यांदा जरा सैल झाला. मग त्याला दगड आठवला असावा, कारण तो एकदम पुढे वाकून म्हणाला, "एक बात ध्यान में रखो. ये गाड़ी अब कभी बैठनी नहीं चाहिए."

"नहीं बैठेगी."

"कुछ भी हो जाए."

"साहब," गॅरेजवाला म्हणाला, "हाथी बिठाओ अंदर, तो भी नहीं बैठेगी."

संच आला. चार चकचकीत स्प्रिंग, चार शॉकअप आणि एक छोटी काळी डबी. काम चालू झालं. नवरा रोज वसाहतीतली कामं उरकून तिथे जाऊन उभा राहायचा. जुने फुगे काढून बाहेर ठेवले होते, सुरकुतलेले, जागोजागी चिरलेले. त्याने ते हातात घेऊन दाबून पाहिले आणि मला फोन करून सांगितलं, "अगदी पापडासारखे झालेत." फार मोठा शत्रू हाती लागल्यासारखा त्याचा आवाज होता.

नवऱ्याचं ते 'कभी नहीं' गॅरेजवाल्याने मनावर घेतलं होतं. नुसत्या स्प्रिंगवर त्याचं समाधान झालं नाही. त्याने प्रत्येक स्प्रिंगवर रबराचं एकेक जाड पॅकिंग बसवलं, आपल्या ट्रकांना बसवतो तसं. गाडी जमिनीवर आली, तेव्हा ती पूर्वी सगळ्यात उंच केल्यावर जेवढी व्हायची त्याहून वर होती. नवरा तिच्याभोवती फेरी मारून आला आणि म्हणाला, "झकास."

घरी येताना अडचण कळली. गाडी आतून सारखी टुंग टुंग वाजत होती आणि समोरच्या पडद्यावर लाल अक्षरांत, गाडी ताबडतोब थांबवा, असा इंग्रजी मजकूर येत होता. नवऱ्याने थांबवली. काही झालेलं नव्हतं. परत निघाला, परत टुंग. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "वो तो बोलेगी. उसको अभी मालूम नहीं है कि हमने निकाल दिया."

गाडीतला कॉम्प्युटर अजून फुग्यांना शोधत होता. चार दिवस आम्ही त्या टुंग टुंगीत पालघर-बोइसर केलं. शाळेच्या फाटकात मी उतरायचे, तेव्हा रखवालदार हातातलं सोडून बघायचा. मग नवऱ्याला ती काळी डबी आठवली. ती गॅरेजवाल्याच्या टेबलावर होती आणि तिच्यावर तो चहाचा ग्लास ठेवायचा. काहीतरी जास्तीचं आलंय, असा त्याचा समज झाला होता. ती डबी म्हणजे कॉम्प्युटरला थाप मारायची सोय होती. सगळे फुगे जागेवर आहेत, सगळ्यांत हवा आहे, सगळं ठीक चाललंय, असं ती त्याला सतत सांगत राहते. डबी जोडली आणि गाडी गप्प झाली. माझा नवरा घरातले बरेच प्रश्न अशाच पद्धतीने हाताळतो, त्यामुळे मला ते यंत्र लगेच समजलं.

पुढचे दोन दिवस तो सुखात होता. सकाळी उठला की चहाआधी बाहेर जाऊन गाडी बघायचा. गाडी सरळ. शेजारचे काका थांबले, बघितलं आणि काहीशा निराशेने पुढे गेले.

तिसरा दिवस रविवार होता, सासूबाईंचा घिवलीला जायचा. त्या नवी साडी नेसून, मावशींसाठी केलेल्या तांदळाच्या पापडांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याने दार उघडलं. सासूबाई सीटकडे पाठ करून उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या, आणि वाट बघत राहिल्या.

नवरा दार धरून उभाच राहिला.

"बसव ना," त्या म्हणाल्या.

"आई, ती आता बसत नाही. दुरुस्त केली."

सासूबाई वळल्या. सीट त्यांच्या छातीशी होती. त्यांनी गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी बसायची," त्या म्हणाल्या. "आता बसत नाय. आन तू म्हणतो दुरुस्त झाली."

नवऱ्याने त्यांना फुगे, पंप, मीठ, चिंचणीचा दगड, सगळं परत समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी घरातून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. त्यांनी एक पाय ठेवला, स्टुलाचे पाय चारी दिशांना पसरायला लागले, तसा त्यांनी पाय काढून घेतला. नवरा म्हणाला, मी उचलून ठेवतो. त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो स्वतःच दोन पावलं मागे सरला. मग त्या पिशवी घेऊन फाटकाबाहेर गेल्या आणि नाक्यावरची रिक्षा हात करून थांबवली.

रिक्षात त्या कशा मावल्या हे मी बघितलं नाही, पण रिक्षावाला पुढे अर्धा बाहेर बसला होता. त्यांना एकट्यांना सोडवेना, म्हणून आम्ही गाडी काढून मागे निघालो. पालघर ते घिवली, पुढे रिक्षा, मागे आमची ती रिकामी, उंच गाडी. मागची गाडी ओव्हरटेक का करत नाही, हे रिक्षावाल्याला कळेना. तो सारखा हात बाहेर काढून आम्हाला पुढे जायची खूण करत होता. उमरोळीला सासूबाईंनी रिक्षा थांबवून भाजी घेतली. रिक्षात ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी आमच्या गाडीशी येऊन, वर न बघता, खिडकीतून माझ्या हातात भोपळा दिला आणि परत जाऊन बसल्या. खड्ड्याखड्ड्याला आम्ही दोघं त्या नव्या पॅकिंगवर टपाटप उडत होतो. भोपळाही उडत होता. नवरा म्हणाला, "जरा कडक झाली का ग?" मी भोपळा घट्ट धरला.

घिवलीला मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी रिक्षा पाहिली, रिक्षातून अंग सोडवत उतरणारी बहीण पाहिली, मागून येणारी गाडी पाहिली.

"गाडीला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय नाय," सासूबाई म्हणाल्या. "चांगली हाय."

"मग रिक्षात का?"

सासूबाईंनी पापडांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शेजारणीही बाहेर आल्या होत्या. सासूबाईंचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच कसंतरी झालं. तोवर आम्हाला हे सगळं गमतीचं वाटत होतं. त्या गाडीचं बसणं म्हणजे त्यांचे गुडघे लोकांपासून झाकून ठेवायची जागा होती, हे मला तिथे उन्हात उभं राहिल्यावर कळलं. मीच म्हणाले, "मावशी, गाडी उंच झालीय. चढायला जमत नाही."

मावशी गाडीपाशी आल्या. दार उघडं होतं. त्यांनी सीटवर हात ठेवून उंचीचा अंदाज घेतला.

"ही उंच?" त्या म्हणाल्या. "होडीत कशी चढायचीस तू? कमरेएवढ्या पाण्यातून?"

"तवा मी पोर होते, बाय."

"मी बी पोरच होते."

असं म्हणून मावशींनी गाडीकडे पाठ केली, दोन्ही तळवे मागे सीटच्या कडेवर टेकले, एक पाय दाराखालच्या कडेवर मागे रोवला, आणि अंगाला एक झोका देऊन त्या वर गेल्या. आधी बसल्या, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेतले. सत्तरी पार केलेली बाई, आणि लुगड्याची एक निरी हलली नाही. आत बसून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, सीटवर हात फिरवला.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याला, "चल पोरा, मला चिंचणीला बाजारात सोड. किती दिवस जायचं हाय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सासूबाई रस्त्यात उभ्या होत्या, हातात पापडांची पिशवी. त्यांच्या मुलाच्या गाडीत, त्यांच्या जागेवर, मावशी बसल्या होत्या, आणि गाडी निघणार होती.

"सरक," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. पाठ केली, तळवे मागे टेकले. पहिला झोका कमी पडला. दुसऱ्याला मी हात लावायला गेले, तर म्हणाल्या, "लांब रहा." तिसऱ्या झोक्याला आतून मावशींनी त्यांच्या दंडाला धरून असं काही ओढलं, की त्या वर गेल्या आणि दोघी बहिणी सीटवर एकमेकींवर पडल्या. आतून कोण कोणाला काय बोललं, ते मी इथे लिहीत नाही. थोड्या वेळाने दोघींचं हसणं ऐकू आलं. मी सासूबाईंना तसं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. शेजारणीही हसल्या, पण त्या हसण्यात काही बोचरं नव्हतं. एक तर म्हणाली, "आमाला बी न्या."

आम्ही चिंचणीला गेलो. स्प्रिंगवरची गाडी बोइसरच्या ट्रकासारखी उसळत होती आणि दर उसळीला मागून मावशी म्हणायच्या, "लाट आली."

सोमवारी नवरा गॅरेजवाल्याकडे गेला आणि ते पॅकिंग काढायला सांगितलं. गॅरेजवाल्याला ते मुळीच पटलं नाही. "साहब, आप ही ने बोला था कभी नहीं बैठनी चाहिए," तो म्हणाला. नवरा म्हणाला, "बैठनी नहीं चाहिए, लेकिन थोड़ा झुकनी चाहिए." गॅरेजवाल्याने पाना खाली ठेवून यावर बराच विचार केला आणि मग पॅकिंग काढून दिलं. गाडी चार बोटं खाली आली. उसळणंही कमी झालं, तरी ते पूर्वीचं पाण्यावरून गेल्यासारखं चालणं काही परत आलं नाही. नवरा म्हणतो, त्याला त्याची आठवण येत नाही. सरळ रस्ता लागला की तो कधीकधी बोटाने त्या जुन्या बटणावर टकटक करतो. बटण अजून आहे, फक्त त्याला काही जोडलेलं नाही.

सासूबाई आता पाठ करून, झोका देऊन चढतात. कोणी हात पुढे केला तर ओरडा बसतो. घिवलीला पोहोचायच्या आधीच मावशी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या असतात, हातात रिकामी पिशवी. गाडी थांबली की सासूबाई उतरायच्या आत त्या दुसऱ्या दाराने चढून बसतात, आणि खिडकीची बाजू कोणाची यावरून चिंचणीच्या बाजारापर्यंत दोघींचं चालतं.